मधली भिंत

१

ठकूचं काम फोडण्याचं. बांधकामाचं साहित्य तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती अकरा वर्षं काँक्रीटचे ठोकळे फोडत होती. कुठं पूल बांधला जात असेल, कुठं दवाखाना. तिथून वीतभर ठोकळे यायचे. ते अठ्ठावीस दिवस पाण्यात बुडवून ठेवायचे, मग यंत्राच्या जबड्यात धरून दाबायचे आणि किती भाराला तडा गेला ते लिहायचं. ठकूचा सगळा भरवसा आकड्यावर. कोणी "मला असं वाटतं" म्हणालं, की ती म्हणायची, "वाटू दे. मोजून किती येतं ते सांग."

अशा बाईला तीन आठवडे एक निर्णय घेता येत नव्हता.

फ्रिजच्या दारावर दोन नकाशे चिकटवलेले होते, दोन्ही एकाच घराचे. सायकलींच्या दुकानावरचं, पहिल्या मजल्यावरचं ते जुनं घर त्यांनी नुकतंच घेतलं होतं. पाठीमागच्या जिन्यानं वर आलं की आधी स्वयंपाकघर, त्याला लागून बैठक. या दोन्हींच्या कडेनं मागून पुढं, थेट रस्त्याच्या बाजूपर्यंत, एक लांब भिंत गेलेली. भिंतीपलीकडं अरुंद बोळ. बोळाच्या मागच्या टोकाला एक खोली आणि पुढच्या टोकाला रस्त्यावर उघडणारी लहानशी खिडकी. पहिल्या नकाशात हे सगळं जसंच्या तसं होतं. दुसऱ्या नकाशात मधली भिंत नव्हती. स्वयंपाकघर, बैठक, बोळ मिळून एकच मोठी जागा, आणि रस्त्याच्या बाजूला जमिनीपासून वरपर्यंत काचेची रुंद खिडकी.

"काय मग, बंद की मोकळं?" नवरा रोज जेवताना विचारायचा. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. "आमच्या धंद्यात बरं असतं. तोंड उघडलं की काय हवंय ते दिसतं."

मागची खोली ठकूच्या वडिलांची, अण्णांची होणार होती. अण्णांनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं. मग काचबिंदूनं डोळे कडेकडेनं मिटत आणले. आता समोरचं थोडंसं दिसायचं. "काजातून बघावं तेवढं," ते म्हणायचे. "गुंडी जाईल, माणूस जाणार नाही."

दोन वर्षांपूर्वी, भाड्याच्या घरात, अण्णा आपल्या खोलीत पडले होते. दार लोटलेलं होतं. ठकू दोन भिंतींपलीकडं स्वयंपाकघरात होती, नळ चालू होता, आणि ते दीड तास हाका मारत होते. तिला एकही हाक ऐकू आली नाही. खुब्याचं हाड जुळलं, अण्णा हिंडूफिरू लागले, पण ठकू तेव्हापासून त्यांचा खोकलासुद्धा मोजायची. त्या घरातल्या सगळ्या कड्या तिनं काढून टाकल्या होत्या. आता तिला भिंतच नको होती.

"मला तुम्ही दिसायला हवेत, अण्णा."

"तुला मी दिसायला हवा, ते कळलं," अण्णा म्हणाले. "पण मला भिंत हवी. मोकळ्या घरात मी कशाला धरून चालू? वाऱ्याला?"

दोघांचंही बरोबर होतं, आणि तिथंच सगळं अडलं होतं.

२

एका रविवारी सकाळी ती अण्णांना घर दाखवायला घेऊन गेली. घर रिकामं होतं. विकणाऱ्यानं सगळीकडं पांढरा रंग मारून दिला होता, त्याचा वास अजून गेला नव्हता.

बोळाच्या तोंडाशी अण्णांनी तिचा हात सोडला, डावा तळवा मधल्या भिंतीवर टेकवला आणि ते चालू लागले. खडबडीत गिलाव्यावरून तळहात घासत जायचा आवाज येऊ लागला, सर्रर्र, सर्रर्र. त्यांना चालताना बघून ठकूला बरं वाटलं. किती दिवसांनी त्यांची पाठ ताठ झाली होती.

अर्ध्या बोळात ते थांबले. घासण्याचा आवाज आणखी एक पाऊलभर चालला, मग थांबला.

ठकूच्या ते लक्षात आलं, पण आधी तिनं मनावर घेतलं नाही. रिकाम्या घरात आवाज घुमतोच.

"पलीकडं जावईबापू आलेत का?" अण्णांनी विचारलं.

"नाही. ते कामावर आहेत. का?"

"काही नाही." अण्णांनी पुन्हा भिंतीवरून हात फिरवला, कापडाचा पोत बघावा तसा, चार बोटं आणि अंगठा. "या भिंतीला अस्तर आहे, ठकू."

"म्हणजे?"

"म्हणजे एकपदरी नाही ही. हाताला कळतं."

ती बैठकीत जाऊन आली. बैठक रिकामी होती. खिडक्या बंद होत्या, जमिनीवर धुळीत फक्त तिच्याच चपलांचे ठसे. ती परत आली तेव्हा अण्णा होते तिथंच उभे होते. मान किंचित कलती करून, कोणाचं तरी बोलणं संपायची वाट बघत असल्यासारखे.

३

बुधवारी मिस्त्रींना भेटायला ती एकटीच गेली. मिस्त्री यायचे होते. बैठकीत उभी असताना तिला मधल्या भिंतीवर एक पट्टा दिसला. नव्या पांढऱ्या रंगावर कमरेच्या उंचीला, हाताच्या रुंदीचा, किंचित करडा आणि चकाकणारा. कठड्यावर वर्षानुवर्षं हात फिरून येते तशी ती चकाकी होती. मागच्या टोकापासून सुरू होऊन तो मध्यापर्यंत आला होता आणि तिथं संपला होता.

तिनं टेप काढला. जमिनीपासून तीन फूट दोन इंच. मग बोळात गेली आणि अण्णांचा हात कुठं होता ते आठवून मापलं. तेही तीन फूट दोन इंच. अण्णा जिथं थांबले होते, पट्टाही तिथंच थांबला होता. फक्त पाऊलभर पुढं.

ओल असेल, तिनं ठरवलं. पट्ट्याच्या टोकाला पेन्सिलीनं बारीक रेघ मारून तारीख लिहिली. शनिवारी प्रयोगशाळेतलं ओल मोजायचं यंत्र पिशवीत घालून आणलं. अण्णाही सोबत होते. या वेळी ते बोळात चालत खिडकीपर्यंत गेले, रस्त्यावरचे आवाज ऐकत उभे राहिले, आणि हसत परत आले.

यंत्रानं भिंत खडखडीत कोरडी असल्याचं सांगितलं. पट्टा आता पेन्सिलीची रेघ ओलांडून रस्त्याच्या टोकापर्यंत गेला होता.

ठकूनं आकडे वहीत लिहिले. पुढच्या रकान्यात कारण लिहायचं असतं. तिनं पेन टेकवलं, उचललं, वही मिटली. अकरा वर्षांत तो रकाना कधी कोरा राहिला नव्हता.

४

"ठरलं," त्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली. "मोकळं करायचं. भिंत पाडायची."

नवऱ्यानं घास तसाच हातात धरला. "मोजून काय आलं?"

"मोजलं," ती म्हणाली. मोजलेलं काय होतं ते मात्र तिनं सांगितलं नाही. अण्णांच्या काळजीपोटी ती हे म्हणत होती, हे खरंच होतं. पण त्या भिंतीजवळ एकटीनं उभं राहायची तिची छाती होत नव्हती, हेही तितकंच खरं होतं. आणि कोणतं कारण जास्त जड, ते तिला सांगता आलं नसतं.

अण्णा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं, असं तिला झालं.

"उसवायचीच म्हणतेस?"

"हो, अण्णा."

"घर तुझं आहे, मोडता घालणार नाही. फक्त शिवण कुठं होती तेवढं ध्यानात ठेव. उसवलेलं परत शिवायचं झालं तर जुन्या भोकांवरूनच टाके घालावे लागतात. नाहीतर कापड ओढ घेतं."

५

भिंत पाडायला तीन दिवस लागले. ठकूनं रजा काढली आणि एकेक वीट निघताना बघितली. आत काही नव्हतं. साधी अर्ध्या विटेची भिंत, दोन्ही अंगांना गिलावा. अस्तरबिस्तर काही नाही. तिला हायसं वाटलं आणि स्वतःचं हसूही आलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी राडारोडा खाली गेला. मिस्त्री, साठीचा गप्पिष्ट माणूस, मोकळ्या जागेच्या एका कडेला उभे राहिले. "ताई, आता बघा मजा. भिंत गेली की घराचा आवाज उघडतो. तुम्ही तिकडं ओट्यापाशी जा, मी टाळी वाजवतो."

ठकू ओट्यापाशी गेली. मिस्त्रींनी दोन्ही हात उंच करून टाळी वाजवली. तिला तळहात एकमेकांवर आपटताना स्वच्छ दिसले. आवाज आला तो शेजारच्या घरातून यावा तसा, दबका आणि उशी तोंडावर धरल्यासारखा.

मिस्त्रींनी पुन्हा वाजवली. मग ते चार पावलं पुढं आले, भिंत होती ती जागा ओलांडून, आणि तिसऱ्यांदा वाजवली. या वेळी ती कानठळ्या बसतील इतकी खणखणीत घुमली.

मिस्त्रींनी आपलेच तळवे उलटेसुलटे करून पाहिले. "फरशी बसली की होईल नीट," मिस्त्री शेवटी म्हणाले. पण त्या दिवसापासून ते डबा खायला खाली सायकलींच्या दुकानापाशी बसू लागले.

भाड्याच्या घराची मुदत संपत आली होती, म्हणून काम अर्धवट असतानाच ही मंडळी राहायला आली. पहिल्या सकाळी अण्णा खोलीच्या दारातून बाहेर आले. सवयीनं डावा हात पुढं केला. हाताला काही लागलं नाही. आणखी एक पाऊल, पुन्हा काही नाही. तिसऱ्या पावलाला ते मटकन खाली बसले आणि दोन्ही तळवे जमिनीवर टेकवून म्हणाले, "ठकू, घर कुठं गेलं गं?"

ठकू दहा पावलांवर होती. ते तिला नखशिखांत दिसत होते. जे तिला हवं होतं ते अगदी तसं झालं होतं, आणि तिला रडू आवरेना.

नवऱ्यानं खोलीच्या दारापासून रस्त्याच्या बाजूपर्यंत दोरी बांधली. अण्णांनी ती चाचपली आणि सोडून दिली. "मी काय वासरू आहे? सोडा ती, जावईबापू." त्यानंतर ते खोलीतच बसून राहू लागले. जेवायलाही बाहेर येईनात.

६

आठवडाभरानं ठकू दुपारी जेवायला घरी आली. जिन्याचं दार उघडून स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि तशीच थांबली.

अण्णा चालत होते. खोलीकडून रस्त्याकडं, संथ आणि सरळ, पाठ ताठ. डावा हात त्यांनी बाजूला धरला होता, कमरेच्या उंचीला, तळवा बाहेरच्या अंगाला.

आंधळी माणसं हात पुढं धरतातच, ती स्वतःला म्हणाली. चाचपडत असतील. पण हात चाचपडत नव्हता, तो टेकलेला होता. ती पाच-सहा पावलं पुढं गेली तेव्हा तिला बोटांची टोकं दिसली. ती चपटी झाली होती. काचेवर हात दाबला की पेरांतलं रक्त हटून जशी पांढरी पडतात, तशी. आणि अगदी हळू, कुठूनतरी लांबून येत असल्यासारखा, घासण्याचा आवाज येत होता.

तो एका हाताचा नव्हता.

"अण्णा!" ती ओरडली. त्यांनी मान वळवली नाही. टोकाशी, नव्या खिडकीच्या जागी, फळ्या ठोकल्या होत्या, तिथपर्यंत गेले, वळले, या वेळी उजवा हात टेकवून परत निघाले आणि आपल्या खोलीच्या दारात पोचल्यावर म्हणाले, "कोण, ठकू? कधी आलीस?"

तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग विचारलं, "कशाला धरून चालत होता?"

"तुलाच विचारणार होतो," अण्णा म्हणाले. "रोज पलीकडून चालतेस माझ्याबरोबर. चार दिवस झाले. बोलत का नाहीस पण? रागावलीस?"

"मी दिवसभर कामावर असते, अण्णा."

पाण्याचा पेला त्यांनी खाली ठेवला.

"मग कोण?" ते म्हणाले.

नवऱ्याला तिनं संध्याकाळी सगळं सांगितलं, पट्ट्यापासून. तो हसला नाही. अडखळत अण्णांना म्हणाला, "अण्णा, आमच्या सासूबाई तर नसतील?" ठकूची आई जाऊन चार वर्षं झाली होती.

अण्णा मात्र खो-खो हसले. "तुमच्या सासूबाई? त्या असत्या तर इतके दिवस न बोलता राहिल्या असत्या होय? नाही हो. हे कोणीतरी परकं आहे. पण चालायची रीत आहे त्याला. मी थांबलो की पाऊलभर पुढं जाऊन थांबतं. वाट दाखवणारा थांबतो तसं."

वाट दाखवणारा. कुठली? ठकूनं भिंत होती त्या जागेकडं बघितलं. ती ओळ रस्त्याकडं जात होती, आणि रस्त्याच्या बाजूला भिंतच उरलेली नव्हती. नव्या खिडकीसाठी जमिनीपासून वरपर्यंत भगदाड पाडलेलं होतं, आणि त्यावर चार फळ्या होत्या फक्त.

तिनं त्या फळ्या हातानं हलवून बघितल्या. आणखी दोन ठोकून घेतल्या.

७

पुढच्या मंगळवारी खिडकीची चौकट बसवणारे माप घ्यायला आले. फळ्या काढल्या, माप घेतलं आणि फळ्या भिंतीला टेकवून खाली चहा प्यायला गेले. पाच मिनिटांत येतोच, असं एकमेकांत ठरवून. घरात अण्णा एकटे असतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

ठकू त्या दिवशी वेळेआधीच घरी आली. यंत्र बंद पडलं होतं म्हणून. तिनं जिन्याचं दार उघडलं तेव्हा घर उजेडानं भरलेलं होतं, नको इतकं. समोर रस्त्यापलीकडच्या घराचं छप्पर दिसत होतं, तारा दिसत होत्या, आणि त्या उजेडाकडं तोंड करून अण्णा चालत होते. डावा हात टेकवून, संथपणे. भगदाडापासून सात-आठ पावलांवर.

ती ओरडली. आपला आवाज तिला स्वतःलाच दबका ऐकू आला, आणि अण्णांच्या खांद्याची रेषासुद्धा हलली नाही. पिशवी टाकून ती धावली. सरळ, तिरकी, त्यांच्याकडं. मध्ये काही नव्हतं. नवी फरशी, उन्हाची चौकट, एक रिकामी बादली.

आणि ती आपटली.

खांदा, कानशील, गुडघा एकाच वेळी. गार, खरखरीत, ठाम असं काहीतरी. नाकात गिलाव्याचा वास गेला. ती कोलमडून खाली बसली आणि बसल्या जागेवरून तिला फक्त बघता आलं.

अण्णा चार पावलांवर. तीन. दोन.

मग त्यांच्या डाव्या बाहीचं कापड दंडाच्या वर गोळा झालं. कोणी ओढलं नाही, हिसडा दिला नाही. चिमटीत धरलं तेवढंच. एका बाजूनं एक खळगा पडला, दुसऱ्या बाजूनं दोन, मध्ये कापडाची उभी चुणी. वारा नव्हता, बाहीचा बाकीचा भाग तसाच लोंबत होता. त्या चुणीच्या पलीकडं उन्हात धूळ तरंगत होती आणि एका जागी, माणसाच्या उंचीइतक्या जागी, ती तरंगत नव्हती.

पापणी लवली तेवढ्यात ते संपलं.

अण्णा थांबले. त्यांनी बाहीकडं हात नेला, मान कलती केली, ऐकल्यासारखं केलं. मग वळले आणि उजवा हात टेकवून परत आले. वळले तेव्हा त्यांच्या टाचेपासून दीड पावलावर रस्ता होता.

ठकूनं हात पुढं केला. समोर काही नव्हतं. ती रांगत ती जागा ओलांडून गेली आणि तिनं अण्णांच्या पायांना मिठी मारली.

"अगं, काय झालं? पडलीस का?"

"कोणी थांबवलं तुम्हाला?"

"थांबवलं नाही गं." अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बाही धरली. गिऱ्हाईक उभं करून फिटिंग बघताना आपण धरतो ना, तशी. मग मी थांबलो. फिटिंग बघताना हलायचं नसतं."

तिच्या खांद्यावर चुन्याचा पांढरा ठसा होता. पडताना फरशीवरचा लागला असेल. फरशी तिनं त्याच दिवशी सकाळी स्वतः पुसली होती.

८

फळ्या त्याच घटकेला परत ठोकल्या गेल्या. माप घेणाऱ्यांना ठकू काय बोलली ते सायकलींच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं. मग ती फरशीवर, भिंत होती त्या ओळीपाशी, पाय दुमडून बसली. नवरा कामावरून धावत आला होता, तोही शेजारी बसला.

"मला का अडवलं त्यानं?" ती म्हणाली. "मी त्यांना वाचवायलाच चालले होते."

नवऱ्यानं विचार केला. "तू धावत जाऊन मागून धरलं असतंस, तर अण्णा दचकले असते. दोन पावलांवर रस्ता. दचकलेला माणूस कुठल्या बाजूला पाऊल टाकतो, सांगता येतं का?"

तिनं त्या ओळीवर तळवा टेकवला. तिचा आकड्यावरचा भरवसा गेला नव्हता. फक्त तिला पहिल्यांदा असं वाटलं की, कोऱ्या रकान्याला दरवेळी घाबरलंच पाहिजे असं नाही. दोन वर्षं तिला वाटत होतं की अण्णांवर नजर ठेवायला जगात ती एकटीच आहे. तो भार जरासा सैल झाला, आणि तेव्हा कुठं तिला आठवलं की अण्णांनी शिवण ध्यानात ठेवायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मिस्त्रींना बोलावलं.

"भिंत बांधायची. त्याच जागेवर."

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "ताई, मग पाडली कशाला?"

"पूर्ण नाही. एवढीच." तिनं अण्णांना उभं केलं आणि त्यांच्या तळव्याखाली खूण केली. तीन फूट दोन इंच. "वरची कड गोल करा. गुळगुळीत, हात न अडकता फिरेल अशी. आणि रस्त्याच्या टोकाला पूर्ण पोचवायची नाही. तीन पावलं आधी संपवा आणि टोकाशी काटकोनात वळवा, म्हणजे हात आपोआप वळेल."

"म्हणजे हे बंद घर म्हणायचं की मोकळं?"

"अण्णांना बंद," नवरा म्हणाला, "आणि हिला मोकळं. कवळीसारखं. बसली की कोणाला कळत नाही."

मिस्त्रींनी जुन्याच ओळीवर पहिली वीट ठेवली. चार दिवसांनी भिंत उभी राहिली, वरून गोल, हाताला गार. ठकू ओट्यापाशी गेली आणि मिस्त्रींना म्हणाली, "वाजवा टाळी."

मिस्त्रींनी जरा बिचकतच वाजवली. ती खणखणीत ऐकू आली, आणि पाठोपाठ तिचा पडसादही.

९

महिना गेला. खिडकीला चौकट आली, काच आली, आतून मजबूत गज आले. अण्णा सकाळ-संध्याकाळ भिंतीच्या काठावरून हात फिरवत हिंडू लागले. स्वयंपाकघरापर्यंत येऊन ठकूच्या कामात नाक खुपसू लागले. ती कामावरून चारचारदा फोन करायची, ते एकदावर आलं, मग तेही राहून गेलं. पलीकडून कोणी चालतं का, हे ती विचारत नसे. तेही सांगत नसत.

एका गुरुवारी ती सहाच्या सुमारास घरी आली. मावळतीचं ऊन नव्या काचेतून थेट ओट्यापर्यंत आलं होतं. अण्णा खुर्चीवर बसून होते, मांडीवर सुतळीची गुंडाळी.

"ठकू, संध्याकाळी डोळ्यांवर ऊन येतं म्हणतेस ना? पडदे हवेत. मी शिवतो. माझं मशीन माळ्यावरून काढायला सांग जावईबापूंना. सुई तू ओवून दे, बाकी माझ्या हातांना येतं."

चार वर्षांत त्यांनी मशीनचं नाव काढलं नव्हतं. ठकूनं पिशवी खाली ठेवली. "काढते की," ती म्हणाली. "उद्या सुट्टी घेते, दोघं मिळून खिडकीचं माप घेऊ."

"माप झालंय." त्यांनी सुतळी पुढं केली. "इथपर्यंत आडवं. ही गाठ आहे ना, तिथपर्यंत उभं."

ठकूनं पोलादी टेप काढला. आधी सुतळी मोजली, मग खिडकी. आडवं दहा फूट चार इंच, उभं सात फूट नऊ. सुतळीत आणि खिडकीत दोऱ्याचाही फरक नव्हता.

तिनं चौकटीवरून हात फिरवला. कुठं खिळा नव्हता, चिकटपट्टीचा डाग नव्हता. स्टूल माळ्याखाली होतं तिथंच होतं, त्यावर धूळ होती. अण्णांचा हात वर केला तरी सहा फुटांच्या पलीकडं जात नव्हता.

"एकट्यानं सुतळी ताणता येत नाही, अण्णा," ती हळूच म्हणाली. "दुसरं टोक कोणीतरी धरावं लागतं."

"धरलं की. चांगलं घट्ट धरलं, कुठं झोळ पडू दिला नाही." अण्णांच्या चेहऱ्यावर दुकानात असताना असायचं ते समाधान होतं. "नवशिक्यांना जमत नाही ते."

ठकूनं सुतळीची दोन्ही टोकं उन्हात धरली. एका टोकाची गाठ अण्णांची होती, ती तिनं लहानपणापासून हजारदा पाहिली होती. दुसऱ्या टोकाची गाठ तशीच, पण उलट्या हातानं मारलेली. ती सोडवून बघायचा मोह तिला झाला. तिनं सुतळी जपून गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. मग वही काढून दोन्ही मापं लिहून घेतली.

"कापड उद्याच आणते. रंग कोणता आणू?"

अण्णांनी लगेच उत्तर दिलं नाही. त्यांनी मान किंचित वळवली, भिंतीच्या पलीकडं, जिथं फक्त ऊन होतं, आणि समोरच्याला बोलू द्यावं तसे जरा थांबले.

"पिवळा चालेल," मग ते म्हणाले. "पण भडक नको म्हणे."

ठकूनं पेन उचललं आणि मापांच्या खाली लिहिलं: पिवळा, भडक नको.